परभाषा आणि रंगपेटी

आपल्या प्राथमिक शाळांच्या वेळापत्रकात इंग्रजीचा तास असतो आणि चित्रकलेचाही असतो. परंतु या दोन तासांचा एकमेकांशी कसलाही व्यवहार नसतो. इंग्रजीच्या तासाला मुलाने वही उघडावी, फळ्यावरचे शब्द उतरवून घ्यावेत, प्रत्येक शब्दापुढे त्याचा मराठी अर्थ लिहावा आणि तो सारा तपशील दुसऱ्या दिवशी पाठ म्हणून दाखवावा, हा जुना शिरस्ता अजून अबाधित आहे. आणि चित्रकलेचा तास म्हणजे कधी गणित मागे पडले म्हणून, कधी परीक्षा जवळ आली म्हणून, कोणीही सहज मागून न्यावा असा शाळेच्या जमाखर्चातला शिलकी ऐवज. पूर्वी मराठी शाळांतून इंग्रजीचा प्रारंभ पाचवीत होत असे, तोवर या व्यवस्थेचा फारसा उपद्रव जाणवत नव्हता. कारण दहा वर्षांचा मुलगा मराठी लिहिण्यावाचण्यात बऱ्यापैकी मुरलेला असे, आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या वाटेने, आधी नियम, मग उदाहरणे, मग अपवाद असे करीत तो पुढे सरकत असे. २००० साली महाराष्ट्रातील शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविण्याचा निर्णय अमलात आला आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. ज्या सहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या भाषेतला ‘क’ अद्याप गिरवावा लागतो, त्याच्यापुढे परकी लिपी, परके उच्चार आणि परके अर्थ ही तिन्ही ओझी एकदम आणून ठेवली, तर भाषा पोचण्याच्या आधी तिची धास्ती पोचते.

या वयाच्या मुलापाशी लेखनविद्या नसली, तरी अभिव्यक्तीचे एक साधन पूर्ण विकसित अवस्थेत असते, आणि ते म्हणजे त्याचे चित्र. खडू, कोळसा, विटेचा तुकडा, जे हाताला लागेल ते घेऊन, भिंत, फरशी, अंगणातली माती, जे समोर येईल त्यावर ते आपले जग मांडीत असते, आणि त्या जगाविषयी विचारले असता तासन्‌तास बोलतही असते. परभाषेच्या शिक्षकाने या साधनाचा आश्रय करावा, असे जेव्हा शिक्षणशास्त्रज्ञ म्हणतात, तेव्हा पुष्कळांची समजूत अशी होते की, रुक्ष पाठाला थोडी गंमत आणावी, मुले कंटाळली म्हणजे त्यांना रंगवायला काहीतरी द्यावे, एवढाच त्याचा आशय आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. चित्र काढताना, कागद दुमडताना किंवा मातीचा बैल करताना मुलाला परभाषेतल्या शब्दाची खरोखरी गरज पडली पाहिजे; ती गरज जिथे निर्माण होते, तिथे चित्रकला भाषा शिकविते, आणि जिथे होत नाही, तिथे तास कितीही आनंदात गेला तरी भाषेच्या खात्यावर काहीच जमा होत नाही.

ही दृष्टी काही आजकालची नव्हे. सतराव्या शतकातील युरोपात शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलापुढे लॅटिन ही परभाषा उभी असे, आणि तिचे व्याकरण बहुधा लॅटिनमधूनच, छडीच्या धाकाने, घोकून घेतले जाई. या अंमलाविरुद्ध ज्याने सर्वांत परिणामकारक बंड केले, तो यान आमोस कोमेन्स्की, ज्याला जग कोमेनियस या लॅटिन नावाने ओळखते, १५९२ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातील मोराविया प्रांतात जन्मला. तो मोरावियन बंधुसंघाचा धर्मोपदेशक होता. तीस वर्षांच्या धर्मयुद्धात त्याच्या पंथाला स्वदेशात राहणे अशक्य झाले, तेव्हा १६२८ साली त्याने पोलंडमधील लेश्नो या गावी आश्रय घेतला, आणि पुढचे सारे आयुष्य परक्या मुलखांत, परक्या भाषांत वावरत काढून १६७० साली आम्स्टरडॅममध्ये देह ठेवला. परभाषेवाचून ज्याची भाकरीसुद्धा अडत होती, अशा माणसाने तिच्या अध्यापनाचा विचार आयुष्यभर करावा, यात आश्चर्य नाही. १६३१ साली त्याने लॅटिनचे एक पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. सुमारे आठ हजार शब्द एक हजार वाक्यांत गुंफून त्याने भाषेबरोबर सृष्टीचे ज्ञानही देण्याची योजना केली होती. पुस्तक युरोपभर गाजले. पण लहान मुलांना तेही जड जाते, हे त्याच्या ध्यानात आले. १६५० ते १६५४ या काळात हंगेरीतील शारोशपातक येथील शाळेची व्यवस्था पाहत असताना त्याने चित्रांच्या आधाराने चालणारे दुसरे पुस्तक सिद्ध केले, आणि ते १६५८ साली जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे छापले गेले. ‘ऑर्बिस सेन्सुआलिउम पिक्टुस’, म्हणजे इंद्रियांना गोचर होणाऱ्या विश्वाचे चित्ररूप दर्शन, हे त्याचे नाव.

या पुस्तकाची रचना पाहिली म्हणजे त्यामागची बुद्धी किती सूक्ष्म होती, याची कल्पना येते. एकंदर दीडशे पाठ. प्रत्येक पाठाच्या माथ्यावर लाकडी ठशाने छापलेले एक चित्र. चित्रातल्या वस्तूवस्तूंवर आकडे. आणि खाली दोन रकान्यांत, एकीकडे लॅटिन व दुसरीकडे जर्मन, अशी वाक्ये, की ज्यांतल्या प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाशेजारी चित्रातला आकडा दिलेला असावा. पाव तयार करण्याचा पाठ उदाहरणादाखल घेऊ. चित्रात भटारखाना आहे. वाक्यांत भटारी पीठ चाळतो, ते परातीसारख्या लाकडी द्रोणीत घालतो, पाणी ओततो, लाकडी पट्टीने मळतो, त्याचे निरनिराळ्या घाटांचे पाव करतो, भट्टीतले निखारे ओढून काढतो, लांब दांड्याच्या फळीवरून पाव आत सारतो, आणि शेवटी वर कवच व आत मऊ गर असलेला पाव तयार होतो. मुलाचे बोट आकड्यावर, डोळा वस्तूवर आणि कान गुरुजींच्या उच्चाराकडे असा हा प्रकार होता. आणि ज्या मुलाने घराशेजारच्या भटाऱ्याला नित्य पाहिले असेल, त्याला त्या लॅटिन वाक्याचा अर्थ कोणी सांगण्याची आवश्यकताच उरत नसे. सुट्या शब्दांची यादी न देता एका कामाची आरंभापासून अखेरपर्यंतची हकिकत सांगितल्यामुळे नामांबरोबर क्रियापदे, आणि क्रियापदांबरोबर त्यांचा क्रमही मुलाच्या पदरात पडे. पुस्तकाच्या प्रारंभी मुळाक्षरांचा जो पट आहे, त्यातही हीच हिकमत आढळते. कावळा ओरडतो, मेंढी बेंबटते, रातकिडा किरकिरतो, आणि त्या त्या आवाजातून एकेक अक्षर मुलाच्या जिभेवर येते.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची गोष्ट त्याच्या प्रस्तावनेत आहे. पुस्तक मुलांच्या हाती मनसोक्त चाळायला द्यावे, एवढे सांगून कोमेनियस थांबत नाही. मुलांना ती चित्रे आपल्या हाताने काढू द्यावीत, त्यांची इच्छा नसल्यास त्यांना उत्तेजन द्यावे, म्हणजे वस्तूकडे लक्ष देण्याची सवय लागेल, अवयवांची परस्पर प्रमाणे ध्यानात येतील आणि हात चपळ होईल, असे तो बजावतो. शारोशपातकच्या मुक्कामात त्याने आपल्या लॅटिन पाठांची नाटकेही रचली आणि ती विद्यार्थ्यांकडून वठवून घेतली. म्हणजे पाहणे, रेखाटणे आणि करून दाखविणे ही तिन्ही अंगे त्याच्या पद्धतीत साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी एकत्र आली होती. १६५९ साली चार्ल्स हूल याने पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती लंडनमध्ये काढली. पुढे शंभर वर्षांनी जर्मन कवी गटे याच्या बालपणी घरात मुलांसाठी असलेल्या मोजक्या पुस्तकांत ते होते, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. कोमेनियसचा जन्मदिवस, २८ मार्च, चेक देशात आजही शिक्षकदिन म्हणून पाळला जातो.

चित्राच्या द्वारे शब्द का टिकतो, याची उपपत्ती कोमेनियसपाशी नव्हती. ती विसाव्या शतकातील मानसशास्त्राने पुरविली. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन पाइव्हिओ यांनी १९७१ साली विस्ताराने मांडलेल्या सिद्धान्तानुसार, मनात शब्दांचे दप्तर निराळे आणि प्रतिमांचे निराळे असते, परंतु दोहोंत संबंध असतात. एखादी गोष्ट ज्याच्या मनात दोन्हीकडे नोंदली गेली, त्याला ती आठवायची वेळ आली असता दोन वाटा मोकळ्या असतात. त्याच देशातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याहून पुढे जातात. त्यांनी काही शब्द लोकांना पुनःपुन्हा लिहायला सांगितले आणि काहींची चित्रे काढायला सांगितली. प्रत्येक शब्दाला अवघी चाळीस सेकंदे दिली, आणि मागाहून अकस्मात विचारले असता चित्रे काढलेले शब्द लिहिलेल्या शब्दांपेक्षा कितीतरी अधिक आठवले. चित्र चांगले की वाईट, याने विशेष फरक पडला नाही. वेळ चार सेकंदांवर आणला, तरी लाभ कायम राहिला. अर्थात हे प्रयोग प्रौढ विद्यार्थ्यांवर, त्यांना येणाऱ्याच भाषेत झालेले आहेत, तेव्हा त्यांचा निष्कर्ष पहिलीतल्या मुलाला आणि परभाषेला जसाच्या तसा लावणे सावधपणाचे होणार नाही. तथापि एवढे त्यांवरून खचित दिसते की, चित्र काढणारा मनुष्य वस्तूचा आकार आठवतो, तिचे भाग निवडतो, हात हलवितो आणि झालेले काम डोळ्यांनी पाहतो, आणि या चार व्यापारांतून शब्द स्मृतीत जितका खोल जातो, तितका तो दहा वेळा लिहून जात नाही.

याला जोडून दुसरी एक गोष्ट आहे, ती स्मृतीची नसून संकोचाची आहे. परभाषा प्रथमच ऐकणारे मूल पुष्कळ दिवस बोलत नाही. ते ऐकत असते, साठवीत असते, आणि या काळात त्याला उभे करून वदवून घेण्याचा आग्रह धरला, तर ते कायमचे मिटून जाण्याचा संभव असतो. अमेरिकेतील जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० नंतरच्या दशकात अशा मौनाला मान देणारी एक पद्धत पुढे आणली. शिक्षकाने परभाषेत आज्ञा द्यावी आणि विद्यार्थ्याने ती नुसती कृतीने पाळावी, बोलण्याची सक्ती नाही. ऊठ, बस, चाल, दार उघड, यांनी आरंभ करून ती गुंतागुंतीच्या वाक्यांपर्यंत जाते. चित्र काढणे ही याच जातीची, पण अधिक सोयीची कृती होय. कारण ती बाकावर बसून होते, साठ मुलांच्या वर्गातही होते, आणि मुलाला काय समजले व काय समजले नाही, याचा लेखी दाखला मागे ठेवते.

हा दाखला कसा मिळतो, हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेतील दुसरीचा वर्ग डोळ्यांपुढे आणावा. बाईंनी प्रत्येकाला पाठकोरा कागद दिला आहे. “ड्रॉ अ बिग ट्री,” असे म्हणून त्या ‘बिग’च्या वेळी दोन्ही हात फाकतात, झाडे उगवतात. “पुट टू क्रोज इन द ट्री,” म्हणताच कोणी दोन कावळे काढतो, कोणी शेजाऱ्याच्या कागदात डोकावून एकाचे दोन करतो. “ड्रॉ अ हाउस निअर द ट्री,” इथपर्यंत सारे सुरळीत चालते. मग बाई म्हणतात, “देअर इज अ वेल बिहाइंड द हाउस,” आणि वर्गात गडबड उडते. घरामागची विहीर काढायची कशी? एकजण ती घराच्या छपरावर काढतो, कारण त्याच्या हिशेबी जे दूर ते वर; दुसरी मुलगी घराच्या भिंतीतूनच विहीर दाखविते, जणू भिंत काचेची आहे; तिसरा ती काढतच नाही आणि, मागे आहे तर दिसेल कशी, असा बिनतोड सवाल करतो. या तिघांपैकी कोणाचेही चुकलेले नाही. उलट ‘बिहाइंड’ या शब्दाचा अर्थ तिघांनाही नेमका कळला आहे, म्हणूनच त्यांना अडचण पडली. ज्याने विहीर घराच्या दारासमोर काढली, त्याला मात्र तो कळलेला नाही, आणि बाईंना हे वह्या तपासण्यापूर्वीच, रांगेतून एक फेरी मारताच, समजते. घराच्या आतले सामान भिंतीतून दाखविणे, सगळ्या वस्तू कागदाच्या तळच्या एका रेषेवर उभ्या करणे, ही त्या वयाच्या चित्रांची स्वाभाविक लक्षणे आहेत, असे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात बालचित्रांच्या अवस्था सांगताना दाखवून दिले आहे; भाषाशिक्षकाने ती दुरुस्त करायला जाऊ नये.

रंगविण्याची वेळ आली की भाषेचा खरा कारभार सुरू होतो, मात्र त्यासाठी थोडा कंजूषपणा करावा लागतो. प्रत्येकाला रंगपेटी दिली, की प्रत्येक मूल आपापल्या पेटीत मग्न होते आणि वर्ग मुका होतो. चौघांत मिळून एक पेटी दिली, आणि हवा तो खडू परभाषेत मागितल्यावाचून मिळणार नाही असा नियम केला, की “गिव्ह मी द ग्रीन, प्लीज” हे वाक्य अर्ध्या तासात इतक्या वेळा उच्चारले जाते, की तेवढी आवृत्ती कोणत्याही पाठांतराने साधली नसती. शब्दाची गरज पडावी, असे आरंभी म्हटले, ते याच अर्थाने. कागदकामातही तेच. होडी करताना ‘फोल्ड’, ‘टर्न’, ‘प्रेस’, ‘ओपन’ या चार क्रिया इष्ट क्रमाने ऐकाव्या लागतात. ज्याने ‘टर्न’ ऐकून कागद फिरविण्याऐवजी उघडला, त्याची होडी होतच नाही, आणि चूक दाखवायला लाल शाईची जरूर राहत नाही.

निरनिराळ्या देशांतील शिक्षकांनी या तत्त्वाचा विस्तार नाना प्रकारांनी केला आहे. बेल्जियमच्या जॉर्ज क्युझनेर यांनी गणितासाठी एक ते दहा सेंटिमीटर लांबीच्या रंगीत लाकडी कांड्या तयार केल्या होत्या. इजिप्तमध्ये जन्मलेल्या केलेब गट्टेन्यो यांनी त्या परभाषेच्या वर्गात आणल्या, आणि १९६३ साली आपल्या ‘मूक पद्धती’चे विवरण करणारे पुस्तक लिहिले. तांबडी कांडी घे, ती निळीवर ठेव, पिवळी त्याला दे, अशा व्यवहारांतून संख्या, रंग, सर्वनामे आणि स्थलवाचक शब्द विद्यार्थी उभे करतात, आणि शिक्षक शक्यतो गप्प राहतो. एरिक कार्ल या अमेरिकन चित्रकाराचे खादाड सुरवंटाचे पुस्तक १९६९ साली निघाले. ते इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी होते. पण त्यातला सुरवंट सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती, असा आठवड्याच्या क्रमाने आणि चढत्या संख्येने खात सुटतो, आणि रंगविलेल्या पातळ कागदाचे तुकडे चिकटवून केलेली त्याची चित्रे मुलांना सहज करता येण्यासारखी वाटतात, म्हणून इंग्रजी परभाषा म्हणून शिकविणाऱ्या जगभरच्या शिक्षकांनी ते आपलेसे केले. चतुर शिक्षक इतक्यावर थांबत नाही. तो मुलांना आपापला सुरवंट करायला लावतो, आणि मग तो सुरवंट सोमवारी पेरू, मंगळवारी दोन जांभळे आणि रविवारी जत्रेतली सगळी भजी खातो, व हे सारे परभाषेतच सांगावे लागते. युरोपात तर चित्रकलेसारखा विषयच परभाषेतून शिकवावा, असा प्रवाह १९९० नंतर बळावला आहे. त्यात ब्रश धुण्यापासून छायाप्रकाशापर्यंत सर्व बोलणे परभाषेत चालते.

या साऱ्यासाठी मोठा खर्च लागतो, हा आक्षेप महाराष्ट्राने तरी घेऊ नये. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साहाय्याने, जे बालशिक्षणाचे कार्य उभे केले, त्यात माँटेसरींच्या महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, दगड, काटक्या आल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने त्यांच्या दारी जावे म्हणून अंगणवाडी, आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. तेथील वारली मुलांच्या घरची बोली निराळी. पुस्तकातली प्रमाण मराठी त्यांच्या कानांना जवळजवळ परकीच. म्हणजे परभाषेचा प्रश्न आपल्याकडे केवळ इंग्रजीपुरता आणि शहरापुरता नाही. ज्या वस्तीत लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहिला जातो, तिथल्या मुलाला रेषेने बोलणे शिकवावे लागत नाही. त्या रेषेवर बोट ठेवून नवा शब्द तेवढा द्यावा लागतो.

याच प्रश्नाचे दुसरे टोक सातासमुद्रापार आहे. उत्तर अमेरिकेत मराठी मंडळांच्या ज्या रविवारच्या शाळा भरतात, त्यांत येणाऱ्या मुलांची व्यवहारभाषा इंग्रजी असते आणि मराठी ही त्यांना आठवड्यातून एकदा भेटणारी पाहुणी. अशा मुलांना विभक्तिप्रत्ययांचा तक्ता देण्यापेक्षा दिवाळीचा किल्ला करायला लावावा. माती भिजव, दगड रच, बुरूज उंच कर, तटाला दरवाजा ठेव, विहीर बालेकिल्ल्याच्या आत की बाहेर, मावळा कोठे उभा करायचा, अळीव कुठे पेरायचे, या प्रत्येक प्रश्नावर वाद होतो, आणि ‘तटावर’, ‘तटाखाली’, ‘तटाच्या आत’, ‘तटापलीकडे’ ही रूपे त्या वादात हत्यारांसारखी उपयोगी पडतात. ज्याला आपला मावळा बुरुजावरच हवा आहे, तो सामान्यरूप चुकवीत का होईना, पण बोलतोच.

एवढे सांगितल्यावर या मार्गाच्या मर्यादाही स्पष्ट केल्या पाहिजेत. पहिली मर्यादा ही की, सर्व काही रेखाटता येत नाही. झाड, घर, विहीर यांचे ठीक आहे. पण ‘परंतु’, ‘कदाचित’, ‘आठवण’, ‘प्रामाणिकपणा’ यांचे चित्र कसे काढावे? कोमेनियसपुढेही ही अडचण आली होती. त्याच्या पुस्तकात मनुष्याच्या आत्म्यावर एक पाठ आहे, आणि त्याच्या माथ्यावर पडद्यासारख्या पांढऱ्या कापडावर नुसत्या टिंबांनी काढलेली मानवाकृती आहे. युक्ती लोभस आहे, परंतु चित्राची धाव कोठे संपते, तेही तिने दाखवून दिले आहे. अमूर्त शब्दांसाठी गोष्ट, संभाषण आणि नाट्य यांकडे वळावे लागते, आणि पुढे व्याकरणाकडेही. चित्र हा परभाषेचा पहिला पाडाव होय, तिथेच कायमचे ठाणे देऊन बसणे योग्य नाही. दुसरी मर्यादा वयाची. नवव्या-दहाव्या वर्षानंतर मूल आपल्या चित्राकडे टीकाकाराच्या नजरेने पाहू लागते, हुबेहूब जमत नाही म्हणून खोडरबर घेऊन बसते, आणि मग चित्र बोलण्याला मदत करण्याऐवजी आड येते. अशा वेळी नकाशे, जाहिराती, चित्रकथा, यंत्राचे आराखडे यांकडे मोहरा वळवावा. कारण त्यांत रेषेच्या सौंदर्यापेक्षा तिच्या कामाला महत्त्व असते.

तिसरा धोका मोठा आहे, आणि तो या पद्धतीच्या नावाखाली चालणाऱ्या नकलेचा आहे. छापील सफरचंद, त्याखाली छापील शब्द, आणि मुलाने रेषेबाहेर न जाता तांबडा रंग भरायचा, असे कागद आज बालवाड्यांतून गठ्ठ्यांनी वाटले जातात. त्यांत मुलाने काही पाहिले नाही, निवडले नाही, विचारले नाही आणि ऐकलेही नाही. ते सफरचंद निळे रंगविले तरी ‘अ‍ॅपल’ या शब्दाला त्याची वार्ता नसते. तसेच, पाऊण तास सुंदर मुखवटे करून घेतले, पण करताना सगळे बोलणे मराठीत झाले आणि शेवटी ‘मास्क’ एवढा एक शब्द फळ्यावर आला, तर तो हस्तकलेचा उत्तम तास झाला, इंग्रजीचा नव्हे. म्हणून या मार्गाने जाणाऱ्या शिक्षकाची पूर्वतयारी रंग, कात्री आणि डिंकाच्या जुळवाजुळवीत संपत नाही. आज मुलांचे हात चालू असताना आपण परभाषेतली कोणती दहा-बारा वाक्ये बोलणार, त्यांतली कोणती पुनःपुन्हा येणार, मुलाला कोणता प्रश्न विचारल्यावाचून पुढचे काम करता येणार नाही, याचा मसुदा आदल्या दिवशी कागदावर उतरविलेला असला पाहिजे. त्याला स्वतःला चित्र चांगले काढता आले नाही तरी चालेल, किंबहुना त्याचा घोडा गाढवासारखा दिसला आणि त्यावरून परभाषेत वाद झाला, तर तो लाभच समजावा.

पालकांची एक तक्रार उरते. वही कोरी, गृहपाठ नाही, मुलगा नुसती चित्रे काढतो, मग त्याला भाषा येते हे आम्ही ओळखावे कसे? तक्रार रास्त आहे आणि तिचे उत्तरही अवघड नाही. मुलाची चित्रे तारखा घालून एका फायलीत ठेवावीत, आणि महिन्याअखेर त्यांतले कोणतेही एक समोर धरून त्याला त्याच्याविषयी परभाषेत विचारावे; हे कोण, ते काय करते आहे, ते इथे का आणि तिथे का नाही. चित्र त्याचे स्वतःचे असल्यामुळे उत्तरे त्याच्यापाशी आधीच असतात, शोधायचे असतात ते फक्त शब्द. आणि चित्रातला कुत्रा काळाकुट्ट असताना विचारणाऱ्याने मुद्दाम, “इज इट अ व्हाइट डॉग?” असे विचारून पाहावे. आपल्या कुत्र्याचा असा अपमान कोणतेही मूल मुकाट्याने सहन करीत नाही; ते हटकून विरोध करील, आणि मोठ्या माणसाला त्याच्याच भाषेत खोटे पाडण्याइतके शब्द ज्याच्यापाशी जमले, त्याला ती भाषा येऊ लागली, असे मानायला दुसऱ्या कोणत्याही गुणपत्रिकेची अपेक्षा नाही.